मागील रीडिंग

कादंबरी दोनशेपानी वहीत आहे,
निळ्या जेल पेननं, आणि शाई संपली तिथून हिरव्या.
पहिल्या पानावर : लेखिका उत्पला रामटेके, वर्ग सातवा,
खाली चौकटीत,
ही गोष्ट खरी नाही. सन २२४१.

मी लाइनमन. पुस्तकं वाचत नाही, बिलं वाचतो.
पण पोरगी म्हणाली, बाबा, याच्यात मीटर आहे,
तुमच्याबिगर कोन तपासन?
म्हणून जेवण झाल्यावर
चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसलो.

सन २२४१ मध्ये चुलबंद नदीला उन्हाळ्यातही पाणी आहे.
मामा तलावाच्या पाळीवर यानतळ आहे,
आणि बाळ जन्मलं की नर्सबाई
त्याच्या टाचेला मीटर लावते.
मागील रीडिंग : एवढे एवढे जन्म.
कोणी राजा, कोणी हत्ती, कोणी मोहाचं झाड,
एकजण तर तीनशे वर्षं नुसता कासव.
ज्याचं रीडिंग मोठं, तो पुढच्या बाकावर.

मी वही मिटली.
"उप्पी, आपल्यात मागचा जन्म नसते.
विहारात काय शिकली तू?"
तिनं ताटातून मानही वर केली नाही.
"मले मालूम आहे नं, बाबा.
म्हणूनच तं सायन्स फिक्शन आहे."

वाचत गेलो.
पान एकतीस : मीटरला न्यूट्रलच दिला नाही.
खूण केली.
पान चाळीसवर रेणू आली.
टाचेला मीटर लावलं : शून्य.
दुसरं लावलं : शून्य.
भंडाऱ्याहून साहेब आला, सील तोडून पाहिलं,
शून्य, आणि दशांश चिन्हाच्या पुढेही शून्य.
मुलगी कोरी. पहिल्यांदाच आलेली.
तिला शेवटच्या बाकाच्याही मागे बसवलं,
दाराजवळ, चपलांपाशी.

इथं मी पेन्सिल खाली ठेवली.
माझ्या आज्याला लोकांनी सांगितलं होतं,
तुझं मागचं काही असेल,
म्हणून तू विहिरीपासून लांब, ओंजळ धरून.
मागचं म्हणजे किती, कोणत्या मीटरवर,
रीडिंग घ्यायला कोण आलं होतं,
त्यानं विचारलं नव्हतं.
उत्पलाला मी हे कधी सांगितलेलं नाही.

प्रकरण नऊ. यान निघायचं आहे, इंधन कमी.
एका जन्माचं वजन सव्वाशे ग्रॅम.
समासात हिशेब मांडलाय :
हेडमास्तर, चौऱ्याऐंशी जन्म, साडेदहा किलो जादा.
उतरवले.
राजा उतरवला, तो भांडला.
कासव आपणहून उतरला, पण त्याला वेळ लागला,
त्यात अडीच पानं गेली.
एकटी रेणू चढली, चपला हातात घेऊन.
गुणाकार बरोबर आहे. मी दोनदा केला.

पुढं पानं कोरी.
काय होते मंग, विचारलं,
तं म्हणते, "मालूम नाही. ते पोचली नाही अजून."
आणि झोपली. पंख्याखाली वही फडफडत राहिली,
मी तिच्यावर पक्कड ठेवली.

सकाळी टोलीवर नवं कनेक्शन होतं.
घरकुलाच्या भिंतीचा चुना अजून ओला,
मालकीण चहा घेऊन उभी.
फॉर्मवर रकाना असतो : मागील रीडिंग.
नवं मीटरही तसं अगदी कोरं नसतं,
कारखान्यात तपासताना पॉइंट काही चढतंच,
पण आपण शून्य लिहितो.
वीस वर्षं लिहितोय, न बघता.
आज हात थोडा थांबला.

"काही बिघाड आहे का भाऊ?"
नाही म्हटलं, नवं आहे.
न्यूट्रल घट्ट केला, सील दाबलं,
आणि शून्य जरा मोठं काढलं,
रकान्याच्या बाहेर गेलं.